दुकान वाढवलं म्हणजे काय केलं?

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीत मी काही वर्षं दहावीच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवत होतो. एकदा आजोबांवर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. किराणा दुकान असलेल्या घरचा एक पोरगा मोठ्या मेहनतीनं लिहून आला. त्याच्या सातव्या ओळीचा अर्थ असा निघत होता, की आबाजी रोज रात्री आठ वाजता दुकान मोठं करतात. क्रियापद त्यानं 'इन्क्रीज' वापरलं होतं. मी ती ओळ वर्गात वाचून दाखवली, तर एकही मूल हसलं नाही. त्यांना त्यात चूक दिसलीच नाही. त्या घरात रोज रात्री बोललं जाणारं वाक्य तेच होतं : "चाल रे, दुकान वाढव." पोरानं शब्दकोशात 'वाढवणे' पाहिलं, समोर 'इन्क्रीज' छापलेलं होतं, ते त्यानं उचललं. यात त्याचं काय चुकलं?

मी खोडून 'क्लोज' लिहिलं खरं, पण त्या रात्री घरी जाताना डोक्यात तेच घोळत होतं. एखादी गोष्ट संपवायची तर इंग्रजीत किती शब्द, मराठीत किती, आणि आपण नेमका कोणता शब्द कशासाठी राखून ठेवला आहे?

आधी 'वाढवणं' घेऊ. दुकान वाढवतात, देवापुढे नारळ वाढवतात, हातातली बांगडी फुटली तरी 'बांगडी वाढली' म्हणतात, मंगळसूत्र तुटलं तर तेही 'वाढलं'. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हा त्यातलाच प्रकार. फुटलं, तुटलं, बंद झालं, गेलं हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, कारण बोललेलं खरं होतं अशी समजूत. दुकानदारानं 'दुकान बंद केलं' म्हटलं, तर ते उद्याही बंदच राहील की काय, ही धास्ती.

अशुभ टाळण्यासाठी उलटा शब्द, एवढंच याचं स्पष्टीकरण बहुतेक जण देतात आणि ते बरोबरच आहे. पण संस्कृत व्याकरणाच्या धातुपाठात एक गंमत सापडते. तिथे 'वर्ध' असा एक धातू दिला आहे आणि त्याचा अर्थ सांगितला आहे 'छेदनपूरणयोः'. म्हणजे कापणं आणि भरणं, दोन्ही. लाकूड कापणारा तो 'वर्धकि'. हिंदीतला बढई तो हाच, आणि आपल्या वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणतात तोही हाच. म्हणजे नारळ 'वाढवताना' आपण फक्त अशुभ टाळतो, की कापण्याचा तो जुना अर्थही कुठेतरी शिल्लक आहे? माझं मत पहिल्या बाजूला झुकतं, कारण दुकान काही कोणी कापत नाही. पण वाढई आणि दुकान वाढवणं एकाच ओळीत आणून बसवणारा हा दुवा सोडवतही नाही.

आता इंग्रजीकडे वळू. 'क्लोज' हा शब्द लॅटिनमधल्या दार लावण्याच्या क्रियापदातून आला. दार लावलं, एवढंच तो सांगतो. उद्या उघडणार का, ते सांगत नाही. म्हणून इंग्रजी माणूस त्याला शेपूट जोडतो. 'क्लोज अप' म्हटलं की रात्रीपुरतं शटर ओढलं. 'क्लोज डाउन' म्हटलं की धंदाच बसला. म्हणजे आपल्या दुकानदाराची धास्ती इंग्रजीलाही आहे. आपण ती शब्द बदलून सांभाळतो, ते शेपटीवर भागवतात.

ही शेपटं, म्हणजे अप, ऑफ, आउट आणि डाउन, आपल्या मुलांचा जीव घेतात. पाठांतरानं ती येत नाहीत. पण प्रत्येकाचा एक स्वभाव आहे आणि तो एकदा कळला की निम्मं ओझं हलकं होतं.

'अप' पूर्णतेचा. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, ताटात शीत ठेवू नको. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. 'वाइंड अप' म्हणजे दोरा गुंडाळून रीळ पुरं करणं, त्यावरून सभा, धंदा, गप्पा आवरणं. 'रॅप अप' म्हणजे कागदात बांधून पुडकं करणं, म्हणजे तेच. मराठीत आपणही गुंडाळतो. कुणाचा संसार, कुणाचा धंदा, आणि क्रिकेटच्या बातमीत समोरच्या संघाचा डाव दीडशे धावांत गुंडाळतो. मात्र आपल्या गुंडाळण्यात थोडी नामुष्की असते. गाशा गुंडाळला म्हणजे पळ काढला. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड, शब्द अरबी-फारसीतून आलेला. तेव्हा इंग्रजीत एखादा साहेब मीटिंग 'वाइंड अप' करू म्हणाला, तर मराठीत तिथे 'आटोपतं घेऊ' म्हणावं. 'गुंडाळू' म्हटलं तर मीटिंगचा अपमान होतो.

'ऑफ' तोडण्याचा. जोडलेलं होतं, ते सुटं झालं. 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेलं रद्द करणं किंवा चालू असलेलं मागे घेणं. संप मागे घेतला, लग्न मोडलं. याचा शेजारी 'पुट ऑफ' मात्र पुढे ढकलतो. परीक्षेत या दोघांची अदलाबदल करणारी मुलं मी शेकड्यानं पाहिली आहेत. सभा 'कॉल ऑफ' झाली तर सतरंज्या परत द्यायच्या, 'पुट ऑफ' झाली तर मांडववाल्याला नवी तारीख सांगायची, असं सांगितलं की ती चूक पुन्हा होत नाही.

'आउट' विझण्याचा आणि सरण्याचा. दिवा 'पुट आउट' करतात, तेल 'रन आउट' होतं, रीत 'डाय आउट' होते. 'डाउन' बसण्याचा, म्हणजे यंत्र, कारखाना, सरकार, जे उभं होतं ते खाली येतं. आपणही 'गिरणी बसली' म्हणतोच की.

हे शेपटाचं काम मराठीत दुसरं क्रियापद करतं : टाकणं, काढणं, सोडणं, घेणं, बसणं. 'सांगून टाकलं' म्हणजे मनावरचं ओझं उतरलं. 'सांगून बसलो' म्हणजे आता पस्तावतोय. 'लिहून काढलं' म्हणजे चिकाटीनं शेवटपर्यंत नेलं, 'उरकून घेतलं' म्हणजे आपल्या सोयीसाठी. इंग्रजीचं शेपूट काम पुरं झालं की नाही ते सांगतं. करणाऱ्याला त्याचं काय वाटतंय, हे सांगायची सोय त्यात फारशी नाही. ती आपल्याकडे आहे. मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजीपुढे उगाच ओशाळल्यासारखं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

'कॉल इट अ डे' हा आणखी एक. आजचा दिवस भरला असं म्हणून काम थांबवायचं. याचं शब्दाला शब्द मराठी कोणी करू नये. शेतातली बाई कंबर सरळ करत म्हणते, "सुटी करा वो आता, दिवस बुडाला." झालं भाषांतर.

पण खरी गंमत शेतातच आहे, आणि तो शब्द इंग्रजीत नाही. पुण्या-मुंबईच्या मराठीतही नाही. तो शब्द उलंगवाडी.

भातकुली तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून हा पट्टा गेला आहे. जमीन काळी, भारी, पण खालचं पाणी खारट. विहीर खोदली तरी ते पाणी पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. त्यामुळे पीक बहुतांशी पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर. पऱ्हाटी, तूर, मूग, हरभरा. कपाशीच्या झाडाला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. पहिल्या वेच्याच्या वेळी शेतात सीतादही करायचं, म्हणजे दहीभाताचा नैवेद्य आणि पूजा. मग बायका ओटी बांधून वेचायला लागतात. पहिला वेचा पांढराशुभ्र, दुसरा भरपूर, आणि मग हळूहळू ओल आटते, बोंडं लहान होत जातात. शेवटी हाताला लागते ती कवडी. म्हणजे किडकं, पिवळट, नीट न उमललेलं बोंड, ज्यात कापूस आणि कचरा सारखाच.

एक दिवस असा येतो की वेचणीची मजुरी निघालेल्या कापसापेक्षा जास्त होते. धुऱ्यावर उभा राहून शेतकरी पाहतो. शेजारचा विचारतो, "काय भाऊ, झाली का उलंगवाडी?" तो म्हणतो, "झालीच समजा. आता का रायलं तिथं? चार किडके बोंडं. सोडा ढोरं." आणि त्या दिवसापासून ते शेत कुणाच्याही ढोरांना मोकळं. बकऱ्या शिरतात, गाई शिरतात, हिरवा पाला ओरबाडतात, उरलेली बोंडं चघळतात. कालपर्यंत ज्या शेतात एक बकरी शिरली तरी भांडण व्हायचं, तिथे आज पूर्ण कळप फिरतो आणि मालक काही बोलत नाही. मागे उरतात उभ्या काड्या. त्या उपटून चुलीला.

हा शब्द फक्त 'हंगाम संपला' एवढंच सांगत नाही. मालकानं हक्क सोडला, आता जे उरलं ते सगळ्यांचं, हेही त्यात आहे. म्हणून आमच्याकडे निवडणुकीत एखाद्या पक्षाची पार धूळधाण झाली की लोक म्हणतात, उलंगवाडी झाली. राखणदार उरला नाही, कोणीही यावं आणि चरून जावं. इंग्रजीत याला एक शब्द शोधायला मी बरीच पानं उलटली. 'ग्लीनिंग' आहे, पण ते कापणीनंतर पडलेली कणसं वेचणं, आणि वेचणारी माणसं. ढोरांना मोकळीक देण्याचा भाव त्यात नाही.

शोधता शोधता हाताला भलतंच लागलं. इंग्रजीत 'आफ्टरमॅथ' हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो, भूकंपानंतरची स्थिती, युद्धानंतरची स्थिती अशा अर्थानं. त्यातला 'मॅथ' गणिताचा नव्हे. तो गवत कापण्याचा जुना इंग्रजी शब्द. एकदा गवत कापून नेल्यावर त्याच बुडख्यांतून दुसऱ्यांदा जे उगवतं, ते 'आफ्टरमॅथ'. म्हणजे काय? आपल्या वऱ्हाडीत सांगायचं तर फरदड!

फरदड म्हणजे संपलेली पऱ्हाटी संपू न देणं. वेचे झाले, तरी शेत मोडायचं नाही. पाणी द्यायचं, खताची मात्रा द्यायची, झाडाला नवी पालवी आणि नवी पात्या-बोंडं येतात आणि आणखी काही क्विंटल कापूस निघतो. आमच्या खारपाणपट्ट्यात पाण्याअभावी हे सगळ्यांना जमत नाही, पण ओलिताची सोय असलेल्या भागात फरदडीचा मोह मोठा. पोटापुरता पैसा हाती येतो, तो कोणाला नको आहे?

पण या न संपवण्याची किंमत २०१७ साली विदर्भानं मोजली. गुलाबी बोंडअळी त्या हंगामात इतकी उसळली की उभी पऱ्हाटी डोळ्यांदेखत हातची गेली. ही अळी बोंडात शिरून सरकी खाते, बाहेरून बोंड धडधाकट दिसतं आणि फोडलं की आत किडलेलं. तिला जगायला कपाशीच लागते. शेतात वर्षभर हिरवी बोंडं राहिली की तिची पिढी तुटतच नाही. शेवटच्या बोंडांत, वाळलेल्या पऱ्हाटीत, जिनिंगमधल्या सरकीत ती दडून बसते आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या पिकावर येते. म्हणून अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था असो, की कृषी खातं, सगळ्यांचा सल्ला एकच : फरदड घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, ढोरं-बकऱ्या सोडा, पऱ्हाटीचा नायनाट करा. शास्त्रज्ञ आपल्या भाषेत 'पीक कालावधी मर्यादित ठेवणे' म्हणतात. आमच्या आजोबांनी त्याला उलंगवाडी म्हटलं असतं. या एका बाबतीत तरी चावडीवरचा शब्द आणि प्रयोगशाळेचा सल्ला एका धुऱ्यावर भेटतात.

धुरा हा शब्द मघापासून येतोय, त्याचंही सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात, तो आमचा धुरा. दोन शेतांमधली हद्द. इंग्रजीतलं 'टर्मिनेट' तिथूनच आलं आहे. रोमन लोकांकडे 'टर्मिनस' म्हणजे शिवेचा दगड, आणि त्याच नावाचा शिवेचा देव. दगड आला की तुझं शेत संपलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या नावात हाच दगड बसला आहे. आमचं अमरावतीचं जुनं स्टेशनही तसंच. बडनेऱ्याहून फाटा फुटतो आणि रूळ येऊन तिथे थांबतात. पुढे धक्का, त्याच्या पुढे गाव. कंपनी नोकरीवरून 'टर्मिनेट' करते तेव्हा त्या कागदावर शिवेचा दगडच रोवलेला असतो.

मराठी पत्रव्यवहारानंही शेवटासाठी शीवच निवडली होती. जुन्या मोडी पत्रांच्या अखेरीस 'लेखनसीमा' असं लिहीत, म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर त्यांची प्रसिद्ध मुद्रा असे आणि खाली शेवटी छोटी मुद्रा : 'मर्यादेयं विराजते'. ही मर्यादा शोभते आहे. यामागे व्यवहार होता. त्या शिक्क्याखाली नंतर कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या महाराजांच्या नव्हेत, हे कळावं. दप्तरात 'मोर्तब सूद' अशी आणखी एक खूण असे. त्यातलं 'सूद' म्हणजे फारसीतलं 'शुद', म्हणजे 'झालं'. मोर्तब झालं, पत्र संपलं. आज आपण 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो तेव्हा संपलं असं नाही, मंजूर झालं असं म्हणायचं असतं. शेवटचा शिक्का हाच मंजुरीचा शिक्का होऊन बसला.

पूर्णविराम तर त्यामानाने कालचा. आपली जुनी हस्तलिखितं एकेरी आणि दुहेरी दंडावर भागवत. छापखाने आले, इंग्रजी पुस्तकं आली आणि मेजर थॉमस कँडीनं १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका काढली, तेव्हा टिंब देऊन वाक्य संपवण्याची रीत रुळायला लागली. आज वादाला पूर्णविराम, चर्चेला पूर्णविराम, अफवांना पूर्णविराम देणाऱ्या प्रत्येक बातमीदारावर त्या मेजरचं थोडं ऋण आहे.

माझा आवडता गट मात्र उठण्याचा. पंगत उठली. बाजार उठला. सभा उठली. आठवडी बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला तराजू, पाल, टोपल्या आवरल्या जातात, भाव पडतात, उरलेली वांगी वाट्यानं विकली जातात, आणि अर्ध्या तासात मैदान मोकळं. 'बाजार उठला' हे त्या वेळी साधं वाक्य असतं. तेच एखाद्या माणसाबद्दल वापरलं की त्याचं वाटोळं झालं. दरबारी भाषेतला 'बरखास्त' याच घरातला. फारसीत त्याचा अर्थ 'उठला'. बादशहा उठला की दरबार संपला. आणि गंमत बघा, लंडनच्या पार्लमेंटचं दिवसाचं काम संपलं की इंग्रजी वर्तमानपत्रं लिहितात, 'हाउस रोझ', म्हणजे सभागृह उठलं. पंगत, दरबार आणि पार्लमेंट तिन्ही उठूनच संपतात.

आपल्या विधिमंडळानं मात्र यात बारकावे ठेवले आहेत. दिवसापुरतं थांबलं तर तहकूब. अधिवेशन संपलं तर संस्थगित. विधानसभाच संपली आणि निवडणूक आली तर विसर्जित. गणपतीचं होतं तेही विसर्जन, पण तिथे पुढच्या वर्षाचं आमंत्रण आधीच देऊन ठेवलेलं असतं. आमदारांना ते तसं मिळत नाही.

उद्या पुन्हा आहे की नाही, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. निजामानं १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झननं निजामाकडून ते वर्षाला २५ लाख रुपयांवर पट्ट्यानं घेतलं आणि करारात मुदत लिहिली 'पर्पेच्युअल', म्हणजे कायमची, न संपणारी. दुसऱ्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. मालकी कागदावर निजामाची, म्हणून १९३६ च्या करारानंतर त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताबही मिळाला. आणि १९४७ साली इंग्रज गेले. कायमची मुदत पंचेचाळीस वर्षांत भरली. १९५६ साली वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. इंग्रजी करारात 'पर्पेच्युअल' दिसला की मला आधी ते २५ लाख आठवतात.

उद्याचा तोच प्रश्न रुळांवरही आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आमची शकुंतला आठवा. अरुंद रुळांवरची ही गाडी १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावायची, ते इंजिन १५ एप्रिल १९९४ ला काढून डिझेल लावलं. पुढे गाडीही थांबली. कागदावर शब्द येतो 'स्थगित', इंग्रजीत 'सस्पेंडेड', म्हणजे टांगून ठेवलेलं. गावातली म्हातारी माणसं म्हणतात 'बंद पडली'. कोणी 'बंद केली' म्हणतं. एका क्रियापदात दोष गाडीचा, दुसऱ्यात माणसाचा. 'पडणं' आणि 'करणं' यांच्यामधली ही जागा पुढाऱ्यांना चांगली ठाऊक असते. सूतगिरणी 'बंद पडते', ती कोणी 'बंद केली' असं भाषणात ऐकू येत नाही.

सूतगिरणी बुडाली की कायद्यात ती 'अवसायनात' जाते आणि तिच्यावर अवसायक नेमतात. इंग्रजीत 'लिक्विडेशन', जे आहे ते विकून पातळ करायचं आणि देणी वाटायची. आपण 'बुडाली' म्हणतो, ते 'पातळ झाली' म्हणतात, पाणी दोघांकडेही आहे. पण अवसायनाचा भाऊ 'अवसान' बघा. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, थांबणं. मराठीत अवसान म्हणजे बळ, धीर. 'उसनं अवसान आणलं', 'अवसान गळालं'. शेवट म्हणणारा शब्द मराठीत येऊन धीर देणारा झाला, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सरकारी मराठीतला एक शब्द मात्र धीर खचवणारा आहे : 'निकाली'. एका कचेरीतून एका शेतकऱ्याला कागद आला, 'आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. त्याला वाटलं, निकाल लागला म्हणजे आपल्या बाजूनं लागला. इंग्रजीतलं 'डिस्पोज्ड ऑफ' इथे आणून बसवलेलं. त्याचा अर्थ एवढाच की अर्ज टेबलावरून हलला. मंजूरही असेल, नामंजूरही. त्याचा नामंजूर होता. पेढे मी घेतले नाहीत. 'दप्तरी दाखल' हा त्याहून पोचलेला. कागद दप्तरात गेला, मानानं गेला, आणि बहुधा परत येणार नाही.

आता ज्या शेवटाची सगळ्या वऱ्हाडाला आस असते तो, कर्जाचा. मराठीत कर्ज फिटतं, जसं सुतक फिटतं, नवस फिटतो. बँकेच्या ओट्यावर लोक म्हणतात, 'खातं नील केलं.' सरकारी कागद म्हणतो 'निरंक'. आणि सभेतली घोषणा म्हणते 'सातबारा कोरा'. कोरा हा शब्द सुरेख आहे, जुनं काही लिहिलेलंच नव्हतं जणू. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना आणि २०१९ ची महात्मा फुल्यांच्या नावाची योजना, दोन्ही वेळा गावोगाव हाच शब्द गाजला.

इथे मात्र इंग्रजी शब्दांकडे डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं, कारण मराठीत सगळ्याला आपण 'मिटलं' म्हणून मोकळे होतो आणि बँकेचं संगणक तसं म्हणत नाही. 'वेव्ह' म्हणजे माफ, बँकेनं मागण्याचा हक्क सोडला. 'राइट ऑफ' म्हणजे बँकेनं आपल्या वहीतून ती रक्कम काढली, मराठी वर्तमानपत्रांत 'निर्लेखित'. पण कर्जदाराचं देणं उभंच राहतं आणि वसुली चालू राहू शकते. बातमीत मोठमोठ्या कर्जांचे आकडे 'राइट ऑफ' म्हणून येतात आणि पारावर लोक 'माफ झाले' म्हणून चिडतात, तिथे घोटाळा या शेपटाचा आहे. तसंच पतअहवालात 'क्लोज्ड' असेल तर पूर्ण फेड झाली. 'सेटल्ड' असेल तर ठरलेल्या कमी रकमेवर तडजोड झाली. आपल्या दृष्टीनं दोन्ही मिटलंच, पण पुढच्या वेळी कर्ज मागायला गेलं की 'सेटल्ड' वाचून साहेबाच्या कपाळाला आठी पडते.

आणि कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो, तो आपोआप पुसला जात नाही. बँकेचं पत्र तलाठ्याकडे द्यावं लागतं, फेरफार व्हावा लागतो, तेव्हा तो उतरतो. तेव्हा शेवटचा हप्ता भरायला जाल, त्या दिवशी खात्यावर 'क्लोज्ड' लिहिलंय की 'सेटल्ड', हे विचारून घ्या, आणि बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.